बेलार्मिनोची आगाऊ नोव्हेना

आमच्या गावात माणूस मरतो लवकर, पण मेल्यावर नऊ दिवस त्याची सुटका होत नाही. रोज संध्याकाळी त्याच्या घरी नोव्हेनाची प्रार्थना, प्रार्थनेनंतर कॉफी आणि पाव, शेवटच्या दिवशी केळीच्या पानात बांधून उकडलेले मक्याचे तमाल. जिवंतपणी ज्याच्या दारात कुत्रं फिरकलं नाही, त्याच्या नोव्हेनाला खुर्च्या कमी पडतात. जो जात नाही त्याला पुढे गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही.

ही प्रार्थना चालवते माझी शेजारीण दोन्या एर्मेलिंदा, म्हणजे एर्मेलिंदाबाई. पाद्रीबाबा डोंगर चढून कधीतरी येतात, त्यामुळे मेलेल्यांचा सगळा कारभार तिच्याच हाती. निम्मं गाव तिने वर पोचवलंय आणि उरलेल्या निम्म्याकडे ती बघते ती शिंपी गिऱ्हाईकाकडे बघतो तशी.

सरकारी दवाखान्याने जेव्हा जाहीर केलं की मरणाला टेकलेल्या माणसांजवळ बसायला स्वयंसेवक हवेत, प्रशिक्षण देऊ, तेव्हा पहिलं नाव तिचं. दुसरं माझं. लॉटरीची तिकिटं विकणं गुडघ्यांमुळे सोडल्यापासून घरात बसून मी भिंतींशी भांडायला लागले होते. त्यापेक्षा दुसऱ्याच्या घरात बसलेलं बरं.

प्रशिक्षण चर्चच्या हॉलमध्ये. शिकवायला राजधानीहून शिओमारा नावाची नर्स आलेली. पोरगी तरुण, आवाज हळू, पण नजर अशी की वर्गात कुणी पाव चघळायला धजत नसे. तिचे नियम सोपे होते. सल्ला द्यायचा नाही. ‘देवाची मर्जी’ म्हणायचं नाही. ‘बरे व्हाल हो’ असं खोटं बोलायचं नाही. माणूस गेल्यावरही काम संपत नाही, मागे राहिलेल्यांकडे जाऊन बसायचं. आणि सगळ्यात मोठा नियम, गप्प बसायला घाबरायचं नाही.

एर्मेलिंदाचं घोडं इथेच अडलं. सरावासाठी मला टेबलावर आडवं केलं होतं. मी रोगी, ती स्वयंसेवक. मी डोळे मिटून, जमेल तितकं मरणासन्न तोंड केलं. ती थोडा वेळ बसली. खुर्ची करकरली. मग म्हणाली, “नोएमी, मीठ कमी खात जा गं.”

“दोन्या एर्मेलिंदा,” शिओमारा म्हणाली, “त्या मरणार आहेत.”

“म्हणून काय झालं? मीठ वाईटच.”

शेवटी शिओमाराने आमची जोडी लावून दिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, “त्या बोलायला लागल्या की तुम्ही हळूच त्यांच्या पायावर पाय द्यायचा.” असं काम मला जन्मात कुणी दिलं नव्हतं. मी मन लावून करायचं ठरवलं.

पहिली भेट डॉन बेलार्मिनोची. पोटातलं दुखणं, दवाखान्याने हात टेकलेले, वेदना कमी ठेवायची औषधं तेवढी चालू. सांभाळायला मुलगी ओदिलिया. त्याच्या खाटेसमोरच्या भिंतीवर रंगीत नक्षीचं जू टांगलेलं. त्या जुवाची गोष्ट गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे.

बेलार्मिनोच्या बापाकडे एक बैलजोडी होती, लुसेरो आणि कानेलो. बाप गेला आणि वाटणी झाली. थोरल्या बेलार्मिनोला उजवीकडचा कानेलो आणि जू. धाकट्या एलादिओला डावीकडचा लुसेरो आणि गाडा. आता जन्मभर डावीकडे चाललेला बैल काही केल्या उजवीकडे चालत नाही, आणि जुवाशिवाय गाडा म्हणजे कोंबड्यांना बसायची जागा. शहाण्या माणसांनी एकाने दुसऱ्याला विकलं असतं. हे दोघे बापाच्या नोव्हेनाच्या शेवटच्या दिवशी तमालांवरून उठले आणि अंगणात भांडले. एलादिओ सगळ्यांसमोर म्हणाला, “आता तुझ्या उंबऱ्याला पाय लावीन तो तुझ्या नोव्हेनालाच!” बैल म्हातारे होऊन मेले, दोघांच्या बायकाही गेल्या. सुंभ जळला, पीळ तसाच. एलादिओचं घर पुढच्या वळणावर आहे, हाक मारली तर ऐकू जाईल एवढं.

मी विचारलं, “डॉन बेलार्मिनो, तुम्हाला काय हवंय?” प्रश्न शिओमाराने शिकवलेलाच.

“त्या गाढवाला बघायचंय,” तो म्हणाला. “एकदाच. ओदिलिया तीनदा जाऊन आली. म्हणतो, मी शब्द दिलाय. मग मी मरायची वाट बघत बसलाय वळणावर. आणि मी मेल्यावर येऊन काय, माझं नाक बघणार?”

त्याचे डोळे भरून आले होते आणि तो आमच्यावर चिडला होता, आम्ही ते बघितलं म्हणून. मला त्या एलादिओला कान धरून फरफटत आणावंसं वाटलं. पण नियमात ते बसत नव्हतं.

“छोटीशी प्रार्थना म्हणू का?” एर्मेलिंदाने विचारलं. हे मात्र रीतसर, परवानगी घेऊन.

“म्हणा. छोटी म्हणा.”

तिने डोळे मिटले, माळ हातात घेतली, आणि जन्माच्या सवयीने गाडी मेलेल्यांच्या प्रार्थनेच्या नेहमीच्या रुळावर गेली. “हे प्रभो, तुझा सेवक बेलार्मिनो याला अनंत विसावा दे!”

मी तिच्या पायावर पाय दिला. तिला वाटलं, ऐकू येत नाहीये. तिने आवाज चढवला.

“अनंत विसावा दे, हे प्रभो!”

स्वयंपाकघरातून ओदिलियाने बटाटे सोलता सोलता उत्तर दिलं, “आणि अखंड प्रकाश त्याच्यावर पडो.” आमच्याकडे हे उत्तर झोपेतही निघतं. खिडकीबाहेरून शेजारणीनेही तेच म्हटलं. आणि खाटेवरून खुद्द बेलार्मिनो भक्तिभावाने म्हणाला, “आमेन.”

मग सगळे एकदम गप्प झाले. शिओमारा असती तर तिला ती शांतता फार आवडली असती.

ओदिलिया हातात सुरी घेऊन धावत आली. “बाबा!”

“आहे गं अजून,” बाप म्हणाला. “पण म्हणतात छान.”

खिडकीतली शेजारीण चेपा मात्र जागेवर नव्हती. ती ‘आमेन’ ऐकायला थांबलीच नव्हती. चेपाच्या पोटात बातमी म्हणजे गरम बटाटा. आम्ही दारापर्यंत पोचतो तोवर चर्चची घंटा वाजायला लागली.

माणसं आली ती थेट खुर्च्या घेऊनच. कुणी पाव, कुणी कॉफीची पूड, कुणी मोठं पातेलं. चेपाचा नवरा उसाच्या दारूची बाटली सदऱ्याखाली लपवून, म्हणजे सगळ्यांना दिसेल अशी. पहिली बाई रडत आत शिरली आणि उशीला टेकून बसलेल्या बेलार्मिनोला बघून तिचं रडणं घशातच अडकलं.

“या या,” तो म्हणाला. “पाव कुठल्या भट्टीचा?”

मी सगळ्यांना परत पाठवायला निघाले. त्याने माझा हात धरला. हातात ताकद कुठली, पण धरला. “थांबा, दोन्या नोएमी. अजून एक जण यायचाय.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

एलादिओ सगळ्यांच्या शेवटी आला. काळा सदरा, दाढी करताना गालावर कापलेलं, एका हातात साखरेची पिशवी, दुसऱ्या हातात टोपी. उंबऱ्याशी थांबला. खाली बघून पाय उचलला, आत ठेवला, आणि मग वर बघितलं.

“तू मेला नाहीस?”

“जमलं नाही रे. बस.”

“मला फसवलंस!”

“मी कशाला? ह्यांनी केलं.” बेलार्मिनोने आमच्याकडे बोट दाखवलं. “तुझा शब्द काय होता? नोव्हेनाला येईन. मग ही नोव्हेनाच आहे. एर्मेलिंदाने सुरुवात केली, मी आमेन म्हटलं, अख्ख्या गावाने पाव आणलाय.”

“जिवंत माणसाची नोव्हेना नसते!”

“आणि सुरू झालेली अर्धवट सोडत नाहीत. विचार तिला.”

सगळ्यांनी एर्मेलिंदाकडे बघितलं. ह्या बाईने जन्मात पहिल्यांदाच बोलायच्या आधी विचार केला. “अर्धवट सोडणं फार वाईट,” ती म्हणाली. “जो उठून जातो त्याच्यावर उलटतं.”

एलादिओ बसला. साखरेची पिशवी मांडीवर घट्ट धरून, परत न्यायची असल्यासारखी.

घंटा ऐकून शिओमाराही धापा टाकत आली होती. सगळा प्रकार कळल्यावर ती आम्हाला अंगणात घेऊन गेली. तिला आमच्यावर ओरडायचं होतं आणि ओरडायचं कसं ते तिला कळत नव्हतं. “रोग्यासमोर मृत्यूची प्रार्थना! दोन्या एर्मेलिंदा, काय म्हणू मी तुम्हाला?”

“काही म्हणू नकोस, मुली,” मी म्हटलं. “तूच शिकवलंस ना, गप्प बसायला घाबरायचं नाही?”

ती आत गेली, बेलार्मिनोजवळ बसली, आणि थेट विचारलं, त्याला हे चालू राहायला हवंय का. तो म्हणाला, “हो.” तिने मान डोलावली. माझ्या मनात ती पोरगी त्या क्षणी चार पायऱ्या वर चढली. फक्त माणसं कमी आणि दारू बाहेर, एवढंच तिने सांगितलं. दारू खिडकीपर्यंत गेली.

मग रोज संध्याकाळी प्रार्थना झाली. ‘अनंत विसावा’ शिओमाराने बंद केला, त्याऐवजी एर्मेलिंदा ‘रात्रीची झोप’ मागायची. एलादिओ रोज यायचा, भिंतीला टेकून बसायचा आणि भावाशी एक शब्द बोलायचा नाही. जाताना टोपी विसरायचा. दुसऱ्या दिवशी म्हणायचा, टोपी न्यायला आलोय.

एका संध्याकाळी बाकीचे गेले होते. आम्ही दोघी कपबशा आवरत होतो. बेलार्मिनो जुवाकडे बघत म्हणाला, “कानेलो मेला तेव्हा तुझ्या लुसेरोने चारा सोडला होता.”

एलादिओ म्हणाला, “तुला काय ठाऊक?”

“कुंपणातून बघायचो.”

“रोज?”

“बैलाला बघायचो. तुला नाही.”

एलादिओने तोंड भिंतीकडे वळवलं. त्याचे खांदे हलत होते. एर्मेलिंदाने श्वास घेतला, तिच्या तोंडात नक्कीच एखादा संत तयार होता. मी तिच्या पायावर टाच रोवली. ती गप्प बसली. मी तिच्याकडे बघितलं तर तीही रडत होती, अजिबात आवाज न करता, जे तिला येतं हे मला माहीतच नव्हतं.

शेवटच्या दिवशी तमाल झाले. शिओमारा म्हणाली, पोटाला सोसणार नाही. बेलार्मिनो म्हणाला, “मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, मुली.” एलादिओने पान सोडलं आणि बोटाच्या पेराएवढा घास त्याच्या तोंडात घातला. नोव्हेना संपली तरी तो टोपी विसरतच राहिला. पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, बेलार्मिनो गेला तेव्हा धाकटा भाऊ उशाशी होता आणि टोपी जुवाच्या खुंटीला टांगलेली होती.

मग खरी नोव्हेना सुरू झाली आणि एलादिओ आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गावाच्या जिभेला हाडच नाही. “शब्द दिला होता, बघा, आणि आता?” चेपा तर म्हणाली, हे असं उलटतं. मागे राहिलेल्यांकडे जाऊन बसायचं, हे आमच्या प्रशिक्षणात होतंच. तिसऱ्या संध्याकाळी प्रार्थनेच्या आधी मी आणि एर्मेलिंदा वळणावर गेलो.

तो अंगणात त्या जुन्या गाड्यावर बसला होता, कोंबड्यांमध्ये. बोडका. आम्ही एका बाजूला बसलो. मी कुठलाही प्रश्न विचारला नाही. एर्मेलिंदाने तोंड उघडलं, आणि माझा पाय तिच्यापर्यंत पोचायच्या आत स्वतःच मिटलं. कोंबड्या झोपायला चढायला लागल्या.

“नोव्हेना माझी झाली,” शेवटी तो म्हणाला. “तो होता तेव्हाच केली. आता तिथे गर्दीत कुणाला बघायचं?”

आम्ही बसून राहिलो.

“संध्याकाळ झाली की पाय तिकडेच वळतात. टोपी अजून तिथेच आहे.” त्याने हाताने डोकं चाचपलं. “पण ती आणली, तर उद्या कशाला जायचं?”

मी उठले आणि म्हटलं, “आम्ही तिकडेच निघालोय. टोपी आजही विसरा.”

तो उठला. रस्त्याने तो डावीकडून चालत होता, उजव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी सोडून. एर्मेलिंदा ती भरायला पुढे सरकली. मी तिच्या पायावर पाय दिला.