फाट्यावर पोचलेला मेकॅनिक

आपल्याच ट्रेलरचं चाक आपल्या ट्रॅक्टरला मागे टाकून रस्त्याने पुढे धावतंय, हे पाहून हेमकांतच्या तोंडाचा आ वासला तो वासलेलाच राहिला. चाक उतारावरून मजेत गेलं, एका वळणाशी डुगडुगलं आणि बाभळीच्या झुडपात शिरलं. तेवढ्यात मागे कर्रकन आवाज झाला. ट्रेलर एका अंगावर बसला आणि त्याच्यावरची होडी कलली.

होडीत गजराबाई होती. तिने पदराची पर्वा न करता पाणी भरलेल्या फुगीर प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर आडवं अंग टाकलं होतं. त्या पिशव्यांमध्ये ऑक्सिजन भरून बोटुकली ठेवलेली होती. बोटुकली म्हणजे बोटाएवढी माशांची पिलं, रोहू आणि कटला. खांडबाऱ्यापलीकडचा तलाव गजराबाईच्या बचत गटाने ठेक्याने घेतला होता आणि त्या तलावात सोडायचं यंदाचं सगळं बीज त्या होडीत होतं. हेमकांतकडे दुरुस्त झालेली गटाची होडीही जातेय, बीजही जातंय, एकाच फेरीत काम होईल, असा हिशोब. पिशव्या देणाऱ्याने बजावलं होतं की दुपारच्या आत पिलं तलावात गेली पाहिजेत. हे बीज गेलं तर या हंगामात दुसरं मिळणार नव्हतं.

"शेतस ना जित्ता?" हेमकांतने धावत येऊन विचारलं.

"शेतस," गजराबाई पिशवी उजेडाकडे धरून म्हणाली. आत पिलं वळवळत होती. तेव्हा कुठे हेमकांतच्या जिवात जीव आला.

मग त्याने चाक निखळलेल्या जागेकडे पाहिलं आणि त्याला दुसरा धक्का बसला. बेअरिंगचा चुरा झाला होता. ग्रीसच्या जागी गंजाचा लाल चिखल. होडीचा ट्रेलर पाण्यात उतरवावा लागतो, चाकं बुडतात, म्हणून दर वेळी चाक उघडून नवं ग्रीस भरावं लागतं. हे हेमकांत तापीकाठच्या प्रकाशापासून नवापूरपर्यंतच्या होडीवाल्यांना सांगत फिरायचा, आणि ब्राह्मणपुरीच्या त्याच्या गॅरेजात लोकांचे ट्रेलर निगुतीने तयार व्हायचे. स्वतःच्या ट्रेलरला मात्र तो आज-उद्या करत आला होता. जगाची चाकं सांभाळणाऱ्या या शहाण्याचं स्वतःचं चाक झुडपात पडलं होतं, आणि जॅक, पाने, नवं बेअरिंग घरी फळीवर आरामात बसलं होतं.

पण हेमकांत फार घाबरला नाही, कारण त्याच्याकडे कव्हर होतं. रस्त्यात गाडी बंद पडली की फोन करायचा, कंपनी मेकॅनिक पाठवते. गेल्या दिवाळीत त्याने ते ट्रेलरसाठी घेतलं आणि तेव्हापासून सामान सोबत बाळगणंच सोडलं. कव्हर आहे म्हटल्यावर वजन कशाला वाहायचं?

त्याने फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काळजी करू नका सर, लगेच व्यवस्था करते." थोड्या वेळाने तिचाच फोन आला. "आपले मेकॅनिक निघालेले आहेत सर."

"निंघना बरं का," हेमकांतने गजराबाईला ऐटीत सांगितलं.

पाऊस उघडून ऊन चटचट चटके देत होतं. गजराबाईने ओली पोती पिशव्यांवर पसरली आणि पदराने वारा घालत बसली. मध्येच हेमकांतच्या बापाचा, शांतीलालबापूंचा फोन आला. बापू गॅरेजात बसून तिथला फोन घ्यायचे. जेवायला कधी येतोस, एवढंच विचारतील, असं समजून हेमकांतने तो कापला. कंपनीचा फोन यायचा होता, लाइन मोकळी हवी. बापूंनी पुन्हा केला, त्याने पुन्हा कापला.

मग बाज्याची पिकअप आली. बाज्या खांडबाऱ्याचा, भाजी टाकून रिकामा परत चाललेला. होडी पाहून थांबला आणि सगळं ऐकून म्हणाला, "टाका पिशव्या मन्ही गाडीमा. मी रिकामाच जाई ऱ्हायनू, तळाववर उतारी दिसू."

गजराबाई लगेच उठली. "भाऊ, टाकी देऊत. ऊन चढी ऱ्हायनं."

हेमकांतने कंपनीला विचारून घेतलं. उत्तर आलं, "सर, ते फाट्यावर पोचलेत. दहा मिनिटं."

"काही गरज नही," तो बाज्याला म्हणाला. "मेकॅनिक फाटावर पोची गया, येवामाच शे. उगी चढावा-उतारवामा पिशवी फुटी जाई."

गजराबाईने एकदा पिकअपकडे, एकदा हेमकांतकडे पाहिलं. हा माणूस कामाचा जाणकार, तो म्हणतोय तर खरं असणार. ती खाली बसली. बाज्या निघून गेला.

दहा मिनिटं झाली. आणखी तेवढी झाली. रस्ता सामसूम. पिशव्यांमधलं पाणी हाताला कोमट लागू लागलं, आणि काही पिलं वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागली. आता मात्र हेमकांतचा पारा चढला. त्याने फोनवर मुलीला झापलं. "कुठला फाटा? माणूस आहे की भूत? नाव सांगा त्याचं, मीच बोलतो!"

"सर, पूर्ण जिल्ह्यात ट्रेलरसाठी आमचे एकच मेकॅनिक आहेत. घ्या नाव. हेमकांत शांतीलाल, ब्राह्मणपुरी."

 हेमकांतने फोन कानावरून खाली घेतला. कंपनीकडे आपलं गॅरेज आपणच नोंदवलेलं, हे त्याला ठाऊक होतं. पण कव्हर घेताना, रस्त्यात अडकलो तर येणार कोण, हा प्रश्न त्याच्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

त्याने बापूंना फोन लावला.

"आरे, दोन डाव फोन कया, तू कापी टाकस!" बापू भडकले. "कंपनीना फोन उना, खांडबाराजोडे कोनी तरी गाडी बंद पडेल शे म्हने. मी सांगी दिधं, निंघी गया तो. परत इचारं, त्ये सांगं फाटावर पोची गया. तूच सांगेल शे ना तसं सांगानं!"

खरं होतं ते. हेमकांतनेच शिकवलं होतं. गिऱ्हाइकाचा फोन आला की आधी निघालो म्हणायचं, दुसऱ्यांदा आला की फाट्यावर म्हणायचं, आणि मग सावकाश चहा संपवून निघायचं. गिऱ्हाईक धीर धरून बसतं, दुसरीकडे जात नाही. किती वर्षं हेच चाललं होतं. बापूंनी एक शब्दही इकडचा तिकडे केला नव्हता.

हेमकांत रस्त्यावर धावला. रस्त्याच्या मधोमध उभा राहून त्याने पहिल्या येणाऱ्या टेम्पोला हात जोडले. तो भरलेला होता. मग बाज्याला फोन लावला, रडकुंडीला येऊन बोलावलं. बाज्या येतो म्हणाला. हेमकांत होडीकडे वळला तेव्हा गजराबाई वारा घालायची थांबली होती.

तिने एक पिशवी मांडीवर घेतली होती. पिलं पांढरी पोटं वर करून तरंगत होती. दुसरीतही तेच, तिसरीतही. एका पिशवीत दोन-चार अजून हलत होती, बाकीच्यांमधून वाट काढत.

हेमकांतने तिला सगळं सांगितलं. मेकॅनिक कोण, फोनवर कोण बोललं, फाटा कुठला.   इतका वेळ ज्याची वाट पाहिली तो माणूस समोरच उभा होता, हे गजराबाईला काही केल्या पटत नव्हतं. 

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही दर डावले आसंच सांगतस का लोकेस्ले?"

"हा."

"मंग त्या लोके काय करतस?"

हेमकांतला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही कधी विचार केला नव्हता. त्याने होडीतल्या पांढऱ्या पोटांकडे पाहिलं.

"वाट देखतस," तो म्हणाला.

गजराबाईने मान हलवली, आणि ज्या पिशवीत अजून काही हलत होतं तिची गाठ आत हवा जावी म्हणून दातांनी सोडायला घेतली.