समोर असून न दिसलेली डिस्क

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पण मला शोधायला याल तर हात हलवत परत जाल. मला ना पेटी, ना पंखा. मी आभासी! एका मोठ्या संगणकाच्या पोटात भाडेकरूसारखा राहतो. इस्पितळातल्या रुग्णांचे सगळे एक्स-रे माझ्या डिस्कवर असतात. "मागितला की हजर!" असं डॉक्टर माझं कौतुक करायचे आणि मी आपला फुगायचो.

मग मला नव्या यजमानाकडे, म्हणजे दुसऱ्या मोठ्या संगणकात, हलवलं. जुना यजमान माझ्यासाठी जुन्या पद्धतीच्या डिस्कचं सोंग घ्यायचा. नव्याकडे सोंगढोंग नाही. डिस्कशी थेट बोला, काम झटपट. मात्र ती बोली समजायला नवा ड्रायव्हर, म्हणजे दुभाष्याचं काम करणारा छोटा प्रोग्रॅम, लागतो. आमच्या संगणक विभागातल्या ताईंनी तो आणून ठेवला, पण कुठे? माझ्याच डिस्कवर! उठतानाच तो हाताशी हवा, हे राहून गेलं. किल्ली आत ठेवून कपाट लावून घ्यावं, तशी गत.

सकाळी मला सुरू केलं आणि मी पडद्यावर बरळलो, 'डिस्क सापडत नाही.' अहो, नाकासमोर होती ती!

"सगळे एक्स-रे गेले?" इस्पितळाचे साहेब ताईंवर कडाडले. "काय करून ठेवलंत हे!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. बाहेर बाकावर एक आजोबा ऑपरेशनसाठी उपाशीपोटी बसले होते. त्यांच्या पायात पूर्वी घातलेल्या सळीचे फोटो माझ्याकडे. ते पाहिल्याशिवाय सर्जन हात लावणार नव्हते, आणि दुपारी त्यांना दुसऱ्या गावी जायचं होतं.

ताईंनी डोळे पुसले. नव्या यजमानालाही तात्पुरतं जुनं सोंग घ्यायला लावून मला उठवलं. शेजारी नव्या पद्धतीची एक इवलीशी, रिकामी डिस्क जोडली. तिला ओळखायचं म्हणून मी नवा ड्रायव्हर कामाला लावला. तेव्हापासून उठताना तो माझ्या सोबत असतो. मग माझी खरी डिस्क नव्या पद्धतीनं जोडली. उठलो एकदाचा!

"सगळं शाबूत आहे. चूक माझी होती," ताई साहेबांना म्हणाल्या. पण या खटाटोपात दुपार उलटली होती आणि सर्जन केव्हाच निघून गेले होते.

लेकीच्या खांद्याचा आधार घेत आजोबा दाराशी आले. "पोरी, मनाला लावून घेऊ नकोस. आज नाही तर परवा. यंत्रच ते, अडायचंच."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या. त्या समजुतीनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मित्रांनो, आम्हाला नव्या घरी खुशाल न्या. पण त्याआधी ती रिकामी डिस्क जोडून, एकदा उठवून पाहा. आमचं काय, आम्ही पुन्हा सुरू होतो. उपास मात्र भलत्यालाच घडतो.