बाकावरचे आजोबा

दारावर पाटी होती : ‘मुलासोबत एकानेच आत यावे.’ वस्तीतल्या दवाखान्याच्या बालरोगतज्ज्ञाने ती बावीस वर्षांपूर्वी स्वतः लावून घेतली होती. दिवसाला साठ मुलं, एकेकासोबत चार-चार नातेवाईक, प्रत्येकाचं डोकं वेगळं! कारण खोटं नव्हतं. पण खऱ्या कारणाच्या आडोशालाही माणूस काय काय लपवतो, ते बघा.

त्या सकाळी भिंगरी आली. पाच वर्षांची पोर, एरवी एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव. आज मात्र आईच्या खांद्यावर मान टाकून बरगड्या आत ओढत श्वास घेत होती. महिन्यात तिसऱ्यांदा! थोरल्या सिस्टरांनी तिला मास्क लावून औषधाची वाफ सुरू केली.

डॉक्टरांची नजर घड्याळावर. बाहेर रांग खोकत होती.

“दम्याचा पंप देता का घरी?”

“देतो ना. एक दिवस चुकत नाही.”

“मग ही अशी का? माझ्याशी खोटं बोलाल हो, हिच्या फुफ्फुसांशी कसं बोलाल?”

आणि त्यांनी लाल पेनाने फाइलवर लिहिलं : निष्काळजी पालक.

आईला वाचता येत होतं. तिचा चेहरा उतरला, मग तापला. “वाफ झाली की नेते हिला. परत नाही यायचे. इथे औषध कमी आणि बोलणीच जास्त.”

“मग कुठे नेणार?”

“कुठेच नाही!”

डॉक्टर चपापले. पुढच्या वेळी हा श्वास अडला आणि पोर घरीच राहिली तर?

थोरल्या सिस्टर वाफेच्या यंत्रापाशीच उभ्या होत्या. “डॉक्टर, पंप कोण देतं, विचारलंत?”

“आई देणार. आणखी कोण?”

“मी सहाला कपडे धुण्याच्या कारखान्यात जाते,” आई म्हणाली. “माझे बाबा देतात. बाहेर बसलेत.”

“मग आत का नाही आणलं?”

तिने नुसतं दारावरच्या पाटीकडे पाहिलं.

तिन्ही खेपांना ते बाहेरच्या बाकावर बसून होते. आयुष्यभर शिंपीकाम केलेले, गळ्यात अजून टेप. आत बोलावल्यावर खिशातून त्यांनी रुमालात गुंडाळलेला पंप काढला. भिंगरीची वाफ संपली होती, श्वास जरा मोकळा झाला होता.

“आजोबा, कसा देता ते दाखवा बरं.”

म्हातारा खूश झाला. कुणीतरी विचारलं एकदाचं! त्यांनी पंप खडखड हलवला, नातीचा फ्रॉक वर केला, छातीवर दोन फवारे मारले आणि तळव्याने चोळून जिरवले. “रोज असेच, साहेब. मापात चूक नाही. कापड बिघडलं तर दुसरं आणता येतं, ही कुठून आणू?”

तोंडातून आत जायचं औषध महिनाभर कातडीवर वाळत होतं!

डॉक्टर ओरडणारच होते. “चिठ्ठीत स्पष्ट लिहिलंय...”

“दाखवलं कुणी?” सिस्टरांनी तोडलं. “तुम्ही नाही, मी नाही. आपण छाती तपासली, पण पोर दिवसभर कुणाच्या मांडीवर असते ते पाहिलंच नाही. मूल एकटं आजारी पडत नसतं डॉक्टर, आणि एकटं बरंही होत नसतं!”

आजोबांचा हात पंपावर थिजला. “म्हणजे... महिनाभर मीच पोरीला...”

“नाही आजोबा,” डॉक्टर म्हणाले. “मी.”

ते स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. पंपाला प्लॅस्टिकची नळी कशी जोडायची, ती ओठांत कशी धरायची, सावकाश श्वास कसा घ्यायचा, सगळं रिकाम्या पंपावर तीनदा दाखवलं.

“हात हलतोय तुमचा, साहेब,” आजोबा हळूच म्हणाले. “सुईत दोरा जायचा नाही अशाने.”

भिंगरी पहिल्यांदा हसली. आईने डोळे पुसले आणि विचारलं, “परवा दाखवायला आणू?”

“आणा. बाबांनाही घेऊन या.”

डॉक्टरांनी लाल ओळ खोडली, खाली लिहिलं : औषध कोण देतं हे मी विचारलं नाही. मग उठून स्वतः पाटी काढली. पण जीव शांत होईना. मागच्या कपाटात बावीस वर्षांच्या फायली होत्या. अशा किती लाल ओळी? त्या पालकांतले किती परत आलेच नाहीत?

वाचकहो, माणसांना दाराबाहेर बसवायचं आणि आत त्यांच्याच नावाने खडे फोडायचे, हे फक्त दवाखान्यातच चालतं असं समजू नका. मूल बरं करायचं असेल तर त्याचं घर आत घ्या. आणि कुणालाही निष्काळजी म्हणण्याआधी, उठून एकदा बाकावर कोण बसलंय ते बघा!