कुर्कुम कधी सुधरत नाही

रमजानच्या तिसऱ्या दिवशी, उपास सोडून तासही झाला नव्हता, उस्ता बहगत माझ्या दारात येऊन उभे राहिले. “मी चालताना डावा खांदा पाडतो का?” एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मी म्हटलं, पाडता. तीस वर्षं बघतेय.

ते मागे वळले आणि खांदा ताठ ठेवून समोरच्या त्यांच्या दारापर्यंत चालत गेले. काठी गिळल्यासारखे दिसत होते.

बहगत अलेक्झांड्रियाच्या ट्रामच्या कारखान्यात उस्ता, म्हणजे मिस्त्री, म्हणून आयुष्यभर खपले. आता निवृत्त. बायको इन्शिराह, माझी जिवाची मैत्रीण, चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी एकच, नेर्मीन, कार्टूनं काढणारी. त्या रमजानमध्ये तिची पहिली मालिका रोज इफ्तारनंतर टीव्हीवर लागायची. तिचा नायक कुर्कुम: टकला, हळदीसारखा पिवळा, बायकोच्या प्रत्येक बेतात पाय घालणारा म्हातारा. घरातून निघताना गॅसची चावी तीनदा तपासायचा आणि अर्ध्या जिन्यातून चौथ्यांदा परत यायचा. चालताना डावा खांदा पडलेला.

आमच्या बाकोस वस्तीतल्या पोरासोरांनीही ओळखलं. ओळखलं नव्हतं ते फक्त बहगतनी. शेवटी फूलवाल्याने, म्हणजे घेवड्याची उसळ विकणाऱ्याने, वाटी हातात देताना ‘घ्या कुर्कुमदादा’ म्हटलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला.

त्यानंतर माणसाला घडीभर चैन नाही. गॅस एकदाच तपासून तडक खाली जायचे, कोपऱ्यावर पोचेपर्यंत जीव अर्धा व्हायचा, मग कुणी बघत नाही ना याचा अंदाज घेत वर यायचे. मालिका लागली की गच्चीत जायचे. हसण्याचा आवाज चारी बाजूंनी तिथेही यायचाच. मग परत आत.

नवव्या दिवशीच्या भागात कुर्कुमची बायको गाडी शिकायचं म्हणते. हा किल्ली तांदळाच्या डब्यात लपवतो. तिने शोधून काढल्यावर शिकवायला बसतो खरा, पण असा काही ओरडतो की ती भर रस्त्यात गाडी थांबवून, किल्ली त्याच्या मांडीवर टाकून, ट्रामच्या रुळांवरून चालत घरी जाते. अख्खी इमारत पोट धरून हसली. मीही हसले, आणि मधेच थांबले.

कारण बारा वर्षांपूर्वी हे खरंच घडलं, तेव्हा गाडीत मागच्या सीटवर मी होते. शेजारी नेर्मीन. पुढे इन्शिराह, माझा काळा चष्मा लावून, आणि तिच्या बाजूला बहगत, ओरडत. सीदी गाबर स्टेशनजवळ ती उतरली ती उतरलीच. पुन्हा कधी गाडीला हात लावला नाही, आणि त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. ती वारल्यापासून तीच निळी फियाट आमच्या गल्लीत ताडपत्रीखाली पडून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहगत मला, हाझेमच्या आईला, म्हणाले, “उम्म हाझेम, माझ्याबरोबर पोरीच्या स्टुडिओत चला. एकटा गेलो तर आवाज चढेल.”

रुश्दीत एका औषधाच्या दुकानावर दोन खोल्या, तोच तिचा स्टुडिओ. नेर्मीन पडद्यासमोर बसली होती. आम्हाला बघून उठली, बापासाठी खुर्ची ओढली. ते बसले नाहीत. खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. लोक काय म्हणतात, फूलवाला काय म्हणाला, सगळं सांगून झालं. मला वाटलं, आता म्हणतील, बंद कर हे. पण मधेच ते थांबले.

“कालच्या भागाचा शेवट बदल,” ते म्हणाले. “दुसऱ्या दिवशी तो तिला किल्ली परत देतो, असं दाखव.”

“बाबा, तसं नाही होत.”

“का नाही? चित्र तूच काढतेस ना?”

“कुर्कुम कधी सुधरत नाही. तो सुधरला की मालिका संपली. लोक बघतात ते त्यासाठीच.” ती जरा थांबली. “आणि आई खरंच परत चालवायला बसली नव्हती.”

बहगत खिडकीशी गेले. खाली बघत बराच वेळ खिडकीची कडी वाजवत राहिले.

“मग मी काय करू?”

“मला काय विचारता? तुम्हाला कुणी कागदावर काढलेलं नाही.”

परतताना ते ट्राममध्ये चढले नाहीत. चालत आले. मलाही चालवलं.

उरलेला रमजान त्यांनी त्या गाडीवर काढला. ताडपत्री काढली, बॅटरी बदलली, टायर भरले, कुणी न सांगता दोनदा धुतली. ईदनंतरच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी त्यांनी नेर्मीनला बोलावून घेतलं आणि किल्ली पुढे केली. चौतीस वर्षांची पोर, मिनिबसने धक्के खात फिरणारी. एकदा तिने गाडी मागितली होती, तेव्हा ‘मी मेल्यावर’ असं उत्तर मिळालं होतं. ती किल्लीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

मी मागे बसले. स्मूहाकडचा रस्ता रिकामा होता. बहगतनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते, ओठ शिवल्यासारखे मिटलेले, आणि उजवा पाय पत्र्यावर नसलेला ब्रेक दाबत होता. गाडी चारदा बंद पडली. त्यांच्या मानेची शीर फुगलेली मला मागून दिसत होती. पाचव्यांदा चौकात बंद पडली, मागून मिनिबस आली, आणि त्यांचा बांध फुटला. क्लच, गाढवा, क्लच, पायाला काय मेंदी लावलीय का, आणि बरंच काही.

नेर्मीनने हँडब्रेक ओढला. हात मांडीवर ठेवले. मिनिबसवाला भोंगा वाजवून वाजवून बाजूने निघून गेला. इन्शिराहसुद्धा अशीच गप्प बसायची.

बहगतनी मांड्यांखालचे हात बाहेर काढले. “चुकलं माझं,” ते म्हणाले.

हे शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकले.

“काय चुकलं?” तिने समोर बघतच विचारलं.

“सगळं. तुझ्या आईच्या वेळचंही.” मग जरा घाईने, “आता घाल गिअर, उन्हं वाढताहेत.”

तिने घातला. गाडी आचके देत निघाली. नेर्मीन मधेच बाहीने डोळे पुसत होती, आणि ‘दोन्ही हात चाकावर ठेव’ एवढं म्हणायचं बहगतनी कसंबसं टाळलं, हे मला त्यांच्या हनुवटीवरून कळलं.

परवान्याच्या परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली, उलटी गाडी लावताना. दुसऱ्यांदा झाली पास. पुढच्या रमजानमध्ये मालिकेचं दुसरं पर्व आलं आणि कुर्कुम पहिल्यापेक्षा जास्त डांबरट निघाला. बहगत ते बघतात, पण खुर्चीच्या पाठीला धरून, उभ्याने. कधी हसतात, कधी त्याला शिव्या घालतात.

परवा नेर्मीन पहिल्यांदा एकटी शहराबाहेर, दमनहूरला, गाडी घेऊन गेली. दुपारपासून समोर बहगतांच्या दाराची कडी वाजत होती. जिन्यापर्यंत जायचे, परत यायचे. शेवटी मीच दार उघडलं आणि चहाला आत बोलावलं. ते आले. पेला हातात घेऊन खिडकीशी उभे राहिले. बसा म्हटलं, तर म्हणाले, बसतो, ती पोचल्याचा फोन येऊ दे.