चांदीचं टोपण

जन्मभराच्या भुशाने सुताराची छाती पोखरली होती, तरी हा गडी रोज सकाळी देवापुढे गाल फुगवून शंख फुंकायचा. मग ओठ काळेनिळे पडेपर्यंत खोकायचा. "हे थांबवा, नाहीतर एक दिवस तिथेच आडवे व्हाल," डॉक्टरांनी बजावलं. पण ऐकेल तो सुतार कसला! लेकीने समजावलं, रागावून पाहिलं, रडूनही पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी तिने शंख उचलून सोनाराकडे नेला.

"चांदीने मढवा. शेंड्याला टोपण घाला."

सोनाराने शंख उलटसुलट पाहिला. "ताई, हा वाजवायचा शंख. मुका होईल."

"मुकाच करायचाय. पण कळता कामा नये."

त्याने शंख ठेवून घेतला. "बरं. वर भोक ठेवतो, आत लाख भरतो."

शंख नवरीसारखा नटून घरी आला. बाबांची नजर अधू, पण बोटं सुताराची. वेलबुट्टी चाचपून ते खुलले. "काम चोख आहे, पोरी. माझ्यासाठी केलंस?" तिची मान वर होईना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे ते हातातच होतं.

सकाळी बाबांनी फुंकलं. पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदा मानेच्या शिरा तट्ट फुगल्या.

"पुरे, बाबा!"

त्यांनी शंख खाली ठेवला. "शंखात खोट नाही गं. माझाच दम संपला."

खरं काय ते तिच्या अगदी ओठांवर आलं. पण त्या सकाळी बाबा खोकले नाहीत, आणि आपण त्यांना वाचवलं असं तिला वाटलं. वेडी!

म्हाताऱ्याने अंथरूण धरलं ते धरलंच. रंधा, पटाशी, सगळी हत्यारं वाटून टाकली. जेवण दोन घासांवर आलं. डॉक्टर म्हणाले, "छाती होती तशीच होती. यांनी जगायचंच सोडलंय." रोगापेक्षा उपाय भयंकर, तो असा.

एके दुपारी बाबांनी हाक मारली. "तुझ्या छातीत दम आहे. तू वाजव. ऐकून जातो."

तिने थंडगार चांदी ओठांना लावली, जीव तोडून फुंकलं. बाबा कान देऊन पडले होते.

"वाजला का?"

तुमचा दम मीच कोंडला, हे अंथरुणावरच्या बापाला सांगायचं कसं? ती म्हणाली, "हो बाबा, वाजला."

"तुझं बोलणं तर ऐकू येतंय मला."

त्यांनी हात पुढे केला. शेंड्यात नख घातलं, खरवडलं, हुंगलं. लाकडाला लाख लावण्यात हयात गेलेली.

"लाख," ते म्हणाले. "अगं, अगदीच शंख तू! एका शब्दाने सांगायचंस. मी संपलो म्हणून निजलो ना."

रडत रडत तिने सळई तापवली. लाख वितळली, भोक मोकळं झालं. तिने बाबांना टेकून बसवलं आणि शंख त्यांच्या ओठांशी धरला. त्यांनी डोळे मिटले, गाल फुगवले, उरलंसुरलं सगळं पणाला लावून फुंकलं.

आवाज आला नाही. या वेळी शंखात खरंच खोट नव्हती.