भरली घागर

खडूच्या रेषेवर तिसरं पाऊल टाकता टाकता लीलाबाई कलली आणि तिनं भिंत धरली.

“पुन्हा एकदा,” प्रभाकर डॉक्टर म्हणाले. “खुर्चीवरून उठायचं, रेषेवरून दारापर्यंत जायचं, वळून परत यायचं, बसायचं. घाई नाही.”

सौसरच्या त्या दवाखान्यात बाकावर सून बसली होती, मंगला. दोन महिन्यांत सासू तीनदा पडली होती. डॉक्टरांनी एकदा ‘हिला एकटं ठेवू नका’ म्हटलं, की बोरगावच्या घराला कुलूप लागणार आणि लीलाबाईचं गाठोडं पांढुर्ण्याला, लेकाकडे जाणार. आणि म्हातारीला तर आपलाच ओटा हवा होता, आपलीच विहीर.

“रिकाम्या डोक्यानं मले चालताच येत नाई, डॉक्टरसायेब. ते घागर द्या.”

कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याची घागर होती. डॉक्टर नको म्हणेपर्यंत तिनं पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवलीसुद्धा. मंगलानं घागर उचलून दिली. डॉक्टर हात पुढे करून शेजारी उभे राहिले.

आणि लीलाबाई चालू लागली. मान ताठ, पाऊल अलगद. दवाखाना कुठल्या कुठे गेला. पायाखाली विहिरीची वाट आली, संत्र्याचा बहर घमघमला, पुढे शेजारची यमुना काहीबाही बोलत चालली होती. तीस वर्षं दोघींनी एकमेकींना घागरी उचलून दिल्या, उतरवून घेतल्या. लीलाबाई दारापाशी वळली, परत आली. थेंब सांडला नाही.

“वा! बसा आता,” डॉक्टर म्हणाले.

ती उभीच राहिली. डोळे मिटून, समोरून दोन हात येतील म्हणून. हात येईनात. यमुनाला जाऊन दोन महिने झाले होते.

“मग पडता कशा?” डॉक्टरांनी हळूच विचारलं.

“एकटीच घागर उचलाले जातो ना.”

मंगला उठली, तिनं घागर उतरवून खाली ठेवली आणि सासूचा पदर सारखा केला.

“आमचा नळ गल्लीच्या टोकाले हाय, आई,” ती खालमानेनं म्हणाली. “मले बी उचलून द्याले कोणी नाई.”

लीलाबाईनं सुनेच्या पदराचं टोक हातात घेतलं.

“चुंबळ तरी नीट करते का तू?” तिनं विचारलं.