शिव सबनीसचा भाव

कर्टला गुरुवारी सकाळी दहापर्यंत एक पान हवं होतं. शिव सबनीस, वय एकोणीस, हा आमच्या हॉकी क्लबातला मुलगा समोरच्या क्लबाला दिला तर बदल्यात काय मागावं, एवढंच. बारा वाजता अदलाबदलीची मुदत संपणार होती.

"तुझ्याच घरात राहतो तो," कर्ट फोनवर म्हणाला. "म्हणजे आतली माहिती आहे तुझ्याकडे." आणि हसला.

मीही हसले. मॅनेजर हसला की आपण हसायचं, ही सवय मला इथे येऊन लागली. माझी लेक अनया तेव्हा मांडीवर चढून लॅपटॉपचं एक बटण उपटत होती.

आइस हॉकीत ही पद्धतच आहे. सतरा-अठरा वर्षांची मुलं घर सोडून लांबच्या क्लबात खेळायला जातात आणि त्या गावातल्या एखाद्या कुटुंबात राहतात. क्लबाला वाटलं तर त्यांची दुसऱ्या मुलाशी अदलाबदल होते. मग त्यांनी बॅग भरायची आणि त्याच दिवशी निघायचं. आमच्या गावात, नोव्हायमध्ये, अशी बरीच घरं आहेत. त्यांत मराठी घर आमचं एकच.

शिवची आई, रेणूकाकू, दुसऱ्या राज्यात, कॅरीला असतात. माझा नवरा श्रीरंग तिकडे शिकत होता तेव्हा दोन वर्षं दर रविवारी त्यांच्याकडे जेवला. इथल्या क्लबाने शिवला घेतलं त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला, "नीलांबरी, तुमचं बेसमेंट रिकामंच आहे ना गं?" याला नाही म्हणता येत नाही. पुढे माझी स्टॅटिस्टिक्सची डिग्री शिवनेच कर्टच्या कानावर घातली, आणि मी घरबसल्या क्लबासाठी व्हिडिओ बघून आकडे काढायला लागले. सात वर्षांनी हातात आलेलं पहिलं काम. ते मी जपत होते.

तर आकडे. गेल्या वर्षी बावन्न मॅचमध्ये चोवीस गोल. यंदा एकतीस मॅचमध्ये तीन. कोचचं म्हणणं, पोरगा आळशी झालाय, कोपऱ्यातल्या धक्काबुक्कीत घुसायला घाबरतो.

मला मात्र तारीख माहीत होती. अठरा ऑक्टोबर. त्या दिवशी मैदानाच्या कडेच्या फळीपाशी एकाने त्याला मागून धडक दिली. तो पडला, उठला, खेळला. त्याआधीच्या प्रत्येक व्हिडिओत तो चकतीकडे धावताना खांद्यावरून मागे बघायचा. त्यानंतर मान वळवणं जवळजवळ बंद. बघायचंच झालं तर अख्खं अंग वळवतो, स्लिप डिस्क झालेल्या काकांसारखा.

आणि घरात? बेसमेंटचे दिवे बंद. फोन पालथा. अनयाचं ते गाणारं बदक चालू झालं की, "मावशी, तिला दुसरं काही दे ना, प्लीज." एकदा सकाळी सिंकमध्ये उलटीचा वास. "प्रोटीन शेक खराब होता," म्हणे.

तीन आठवड्यांपूर्वी, शनिवारी दुपारी, मी अनयाला कडेवर घेऊन कपडे टाकायला खाली गेले, तर हा वॉशिंग मशीनला कपाळ टेकून अंधारात जमिनीवर बसलेला.

"डोकं दुखतंय?"

"आता कमी आहे."

"कधीपासून?"

"ऑक्टोबर."

मी दिवा लावायला हात वर केला. "नको!" तो ओरडला, मग हळू आवाजात म्हणाला, "सॉरी. मावशी, कोणाला सांगू नकोस. आईला तर नाहीच. श्रीरंगकाकालापण नाही."

"नाही सांगत. पण डॉक्टरकडे जायचं."

"जाईन. प्रॉमिस कर."

"प्रॉमिस."

"हे नाही. आई करते ते. डोक्यावर हात ठेवून."

मला हसू आलं. धड पाच वाक्यं मराठीत बोलत नाही हा मुलगा. पण रेणूकाकूंनी लहानपणापासून त्याच्याकडून खरं काढून घ्यायला हेच वापरलेलं, 'माझ्या डोक्यावर हात ठेव आणि सांग.' मला वाटलं, आधी विश्वास बसू दे, दोन दिवसांत गोड बोलून डॉक्टरकडे नेऊ. मी कडेवरच्या अनयाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अनयाची शपथ, कोणाला सांगणार नाही."

तिचे केस घामाने ओले होते. शिवने सुटकेचा निःश्वास सोडला आणि उठून उभा राहिला.

डॉक्टरकडे तो गेला नाही. आज प्रॅक्टिस, उद्या मॅच, परवा "बरं वाटतंय गं, रिअली." एकोणीस वर्षांच्या माणसाला ओढून नेता येत नाही. आणि मला तोंड उघडता येईना. शपथेचा आणि लेकराच्या तब्येतीचा काही संबंध नाही, हे मी कागदावर सिद्ध करून दाखवू शकते. त्या तीन आठवड्यांत मी रोज तिचा ताप बघत होते. जिन्याला दुसरं फाटक बसवलं. द्राक्षांचे चार-चार तुकडे करायला लागले. रेणूकाकूंचा दर रविवारी फोन यायचा.

"जेवतो ना गं नीट?"

"जेवतो काकू."

"आवाज असा का तुझा? सर्दी?"

"हो, जरा."

"हळद-दूध घे. आणि त्याला सांग, गोल नाही झाले तरी चालेल म्हणावं, आईला फोन कर."

बुधवारी दुपारी अनया झोपल्यावर मी पान लिहायला बसले. नशीब वाईट आहे, गोल परत येतील, असं लिहिलं, तर भाव चांगला येणार. शिव नव्या गावात, नव्या घरात जाणार आणि स्वतःला सिद्ध करायला दुप्पट जोराने कोपऱ्यात घुसणार. घसरण खरी आहे असं लिहिलं, तर त्याला कोणी घेणार नाही, आपला क्लब काढून टाकणार, आणि तो स्वतःच कुठलातरी तिसरा क्लब शोधणार. काहीही लिहिलं तरी ते डोकं बर्फावरच जाणार होतं.

मग मला सुचलं. नशीब वाईट, गोल परत येतील, असंच लिहिलं आणि शेवटी एक ओळ टाकली: 'अठरा ऑक्टोबरनंतर मान वळवण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी, डोक्याची तपासणी झाल्याशिवाय किंमत ठरवू नये.' हे व्हिडिओत दिसतं. कोणालाही दिसेल. मी कोणाला काही सांगितलं नाही. स्वतःच्या हुशारीवर मी दोन वेळा खूश झाले.

"काय झालंय तुला?" संध्याकाळी श्रीरंगने भांडी लावता लावता विचारलं.

"काही नाही."

"तुझं 'काही नाही' मला आठ वर्षं माहितीये." मी कपाट उघडलं. "शिव जाणार म्हणून वाईट वाटतंय का? अगं, चांगलंच आहे. त्याला चेंज मिळेल, आणि मेमध्ये आईबाबा येतायत, बेसमेंट लागणारच आहे यार."

मी कुकरची रिंग शोधत राहिले.

गुरुवारी दहा वाजून वीस मिनिटांनी कर्टचा फोन आला. "पान झकास आहे, नीला." त्याला माझं पूर्ण नाव जमत नाही. "त्यांना तो हवाय. पहिल्या फळीत खेळवणार म्हणतात. फक्त तुझी शेवटची ओळ मी काढली."

"का?"

"ही ओळ वाचून कोणी त्याला घेईल का?" मग आवाज बदलला. "हे बघ, तुला काही माहीत आहे का? माहीत असेल तर आत्ता सांग. मला सगळं थांबवावं लागेल. माहीत नसेल, तर ती नुसती एक ओळ आहे."

अनया माझ्या पायाशी श्रीरंगचा बूट घालून चालायचा प्रयत्न करत होती. दोन पावलं टाकली, धपकन बसली, हसली.

"नीला?"

"दहा मिनिटांत फोन करते."

मी तिला उचलून खाली गेले. शिवची बॅग भरून दारापाशी होती. हॉकीच्या काठ्या टेपने एकत्र बांधलेल्या. तो अंधारात पलंगावर बसला होता आणि आठवडाभरात पहिल्यांदा खुशीत दिसत होता.

"कर्टने सांगितलं? मावशी, फर्स्ट लाइन! दे वॉन्ट मी."

"शिव, ऐक. 'सुटली' म्हण."

"काय?"

"शपथ सुटली, असं म्हण. आम्ही लहानपणी असंच करायचो. ज्याने शपथ घातली त्याने सुटली म्हटलं की संपली."

त्याच्या आईने हा अर्धा भाग त्याला शिकवलाच नव्हता. तो माझ्याकडे, मग अनयाकडे बघत राहिला. हळूहळू त्याला कळलं.

"नाही म्हणणार."

"अरे, परत एक धडक बसली तर..."

"मला माहितीये. मी वाचलंय सगळं. तुला वाटतं मी वाचलं नाही?" आवाज चढला तसे त्याने डोळे मिटले. "चार महिने सगळे म्हणतायत, लेझी. कोणालातरी मी हवाय, मावशी. आज. नंतर कोणी विचारणार नाही."

"शिव, प्लीज. एक शब्द."

"नो. आणि तू पण सांगू शकत नाहीस. तू हिच्या डोक्यावर हात ठेवलायस."

पावणेअकरा झाले होते. अनया त्याच्याकडे झेपावत होती, "शिबू, शिबू." त्याने सवयीने हात पुढे केले आणि तिला घेतलं. माझ्या मुलीला त्याच्या मांडीवर बघत मी फोन लावला. पहिल्यांदा चुकला, नंबर दुसऱ्यांदा लावावा लागला.

"कर्ट, मला माहीत आहे," मी म्हणाले. "ऑक्टोबरपासून. डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन होत नाही. मी तीन आठवडे लपवलं."

पलीकडून त्याने एक शिवी घातली, मला की कोणाला ते कळलं नाही. "त्याला क्लिनिकला आण. आत्ता. आणि नीला, तुझ्या कामाबद्दल आपण नंतर बोलू."

शिवने अनयाला माझ्याकडे दिलं, बूट घातले, हूड डोळ्यांवर ओढला. कॅरीला फोन मीच केला. रेणूकाकू एवढंच म्हणाल्या, "ऑक्टोबर?" आणि मग, "मी रविवारी विचारत होते तुला." मी फोन ठेवला नाही, त्यांनी ठेवला.

अनयाला सोडायचं कोणाकडे? श्रीरंग फोन उचलत नव्हता. तिला मागच्या सीटवर बसवून मी गाडी काढली. रस्त्यावर रात्रीचा बर्फ गोठून काचेसारखा झालेला. ताशी पंचवीस मैलांच्या वर मला जाता येईना. मागून एक ट्रक हॉर्न देत होता. प्रत्येक चौकात मला वाटायचं, आता. हा नाही, तर पुढचा. आरशात बघितलं की अनया, समोर बघितलं की रस्ता, आणि दोन्हीकडे एकाच वेळी बघता येत नव्हतं.

"तिला कशाला आणलंस?" शिव पहिल्यांदा बोलला. हूडमधून, घोगऱ्या आवाजात.

"घरी कोणी नाही रे."

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो अख्खं अंग वळवून मागे झुकला. त्याचा चेहरा पांढरा पडला, पण हात पोचेपर्यंत तो झुकत राहिला. अनयाच्या छातीवरचा पट्टा त्याने एकदा ओढून पाहिला, मग दुसरा.

"घट्ट आहे," तो म्हणाला आणि डोळे मिटून सीटला टेकला. "हळू चालव."

सिग्नल हिरवा झाला. ट्रकने हॉर्न दिला. मी ब्रेकवरून पाय उचलला.